माटवीवरचं प्लास्टिकचं तवसं

मित्रांनो, जरा मान वर करा. कोकणातल्या मसुरे गावच्या या घरात, गणपती बसतो त्या जागेच्या वर टांगलेली लाकडी चौकट दिसते ना, ती मी. मला माटवी म्हणतात. फणसाच्या लाकडाची आहे, वय झालं आहे आणि स्वभाव थोडा मानी आहे.

धोंडूने मला स्वतःच्या हाताने घडवलं, तेव्हा त्याला मिसरूड फुटत होतं. आता तो आजोबा झाला आहे. दर भाद्रपदात माझ्यावर आंब्याचे टाळ म्हणजे पानांच्या डहाळ्या, नारळ आणि परसातल्या भाज्या बांधत. तवसं म्हणजे मोठी काकडी, शिवाय पडवळ, दोडकी, लाल भोपळा. माझ्यावर काय बांधायचं यावरूनच परसात काय पेरायचं ते ठरे. बाप्पा गेले की मला मोकळं करत आणि त्या भाज्या शिजत. वेल तर दसऱ्यापर्यंत भाजी देत राहात. दोडक्याने पोट साफ राही, भोपळा डोळ्यांना चांगला, आणि आश्विनातल्या उन्हात तवशाच्या फोडींनी जीव थंड होई.

चार वर्षांपूर्वी धोंडूची सून विमला प्लास्टिकच्या भाज्या घेऊन आली. दिवसभर शिवणयंत्रावर बसणारी बाई, तिला दोष कसा देऊ? तिने त्या प्लास्टिकच्याच पट्ट्यांनी माझ्यावर घट्ट आवळल्या. पाहुण्यांनी फोटो काढले. खोटं कशाला बोलू, मीही फुगले होते.

पण बाप्पा गेले आणि मला सोडवायला कोणीच आलं नाही. जे कुजत नाही ते उतरवायचं कशाला? उन्हाळा गेला, पावसाळा गेला. पट्ट्या अंगात रुतल्या, कोळ्यांनी जाळी विणली. मी कैदेत पडले. त्याहून वाईट म्हणजे परसात पेरणं थांबलं. ताटात बटाटा आणि पाकिटातल्या नूडल्स आल्या.

विमलाची मुलगी आकांक्षा माझ्याखाली बसून अभ्यास करते. शाळेच्या खो-खो संघातली चपळ पोर. गेल्या वर्षी ती वहीवर डोकं टेकून बसू लागली. "आई, माका गरगरता," एवढंच म्हणे. दसऱ्याच्या आधी एके सकाळी ती उठायला गेली आणि तिथेच कोसळली. मला हात नाहीत, आवाज नाही. मी नुसती वरून बघत राहिले. तशी असहाय मी कधीच नव्हते.

डॉक्टरांनी सांगितलं, रक्त फार कमी आहे. गोळ्या दिल्या, खेळ बंद केला आणि कागदावर आहार लिहून दिला. विमलाने तो माझ्याखाली उभं राहून वाचला. लाल माठ, शेवग्याचा पाला, त्यावर लिंबू. दोडकी, भोपळा, काकडी, हंगामात मिळेल ते रोज.

धोंडूने माझ्याकडे पाहिलं. "अगो, दोडकी, भोपळो, तवसा, सगळा आसा मा आपल्या घरात. वर बघ."

"ता प्लास्टिकचा आसा, बाबानू."

"म्हणानच सांगतंय. देव हसत असतलो आमका."

विमलाच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या क्लेमेंटिनाला हे कळलं तेव्हा ती कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडून ओरडली, "विमला, चेडवाक रोज माझ्याकडे धाड गो! माझ्या मांडवार दोडकी जून होतत, खावक कोण नाय."

आकांक्षा रोज टोपली घेऊन जाऊ लागली. आधी नाक मुरडून खाई, मग मागून घेऊ लागली. गोळ्याही चालू होत्या. चार महिन्यांनी रक्त तपासलं, ते बरंच वाढलं होतं. डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली. घरी येऊन ती कात्री घेऊन स्टुलावर चढली आणि माझ्या पट्ट्या कापत सुटली. प्लास्टिकचं तवसं खाली पडून उडालं. कुत्र्याने हुंगलं आणि तोही निघून गेला.

यंदा तिने स्वतः परसात वेल लावले. तिच्या हातची तवशी आणि दोडकी मी अभिमानाने मिरवली, आणि विसर्जनानंतर ती सगळी स्वयंपाकघरात गेली. एक पट्टी अजून माझ्या अंगात रुतलेली आहे, ती काही निघत नाही.

मित्रांनो, देवापुढे मला हौसेने नटवा. पण नंतर आठवणीने रिकामी करा. मी भरलेलीच राहिले, तर खाली कोणाचं तरी ताट रिकामं राहतं.