आक्काची कात्री आणि ऋतिकाची जीन्स

मी एक जुनी कात्री आहे, मित्रांनो. जुनी म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका. माझी मूठ काळी पडली आहे, धार लावून लावून पाती झिजली आहेत, पण जाड कापडाला भिडले की अजून 'कर्र' असा आवाज काढते. हल्लीच्या त्या रंगीत मुठीच्या कात्र्या पुठ्ठा कापतानाच मान टाकतात. जाऊ द्या, स्वतःची टिमकी स्वतः किती वाजवायची!

आधी मी कुठल्याशा ट्रकच्या स्प्रिंगचा पोलादी पाटा होते म्हणे. लोहारानं मला तापवलं, ठोकलं आणि माझी कात्री केली. भिवंडीच्या बाजारातून मला दौलतनं विकत घेतलं. तो तेव्हा लूमवर कामाला होता, नुकतंच लग्न झालं होतं आणि बायकोला शिवणाची हौस होती. ती बायको म्हणजे आमची आक्का. मी अंजूरच्या तिच्या घरात आले ती आजतागायत तिथंच आहे.

काय दिवस होते ते! आळीतल्या बायकांचे ब्लाउज, बाळांची झबली, शाळेच्या पिशव्या, सगळं आधी माझ्या हाताखालून जायचं. आक्का मला दुसऱ्या कुणाच्या हातात देत नसे. कुणी मला उगाच उघडमीट केलं तर ओरडायची, "रिकामी कात्री वाजवू नको गो, भांडणं लागतात!" दसऱ्याला मशीनशेजारी पाटावर मला जागा असे, हळदकुंकू असे, झेंडूचं फूल असे. मला भारी ऐट होती त्याची.

पण भांडण लागलंच. मी रिकामी वाजले म्हणून नाही, भरल्या कापडावर वाजले म्हणून. शेजारच्या आनंदीबाईंनी मुलीच्या हळदीसाठी स्वतःचा ब्लाउज शिवायला दिला. आक्का म्हणाली, "हिचं माप मला तोंडपाठ हाय." टेप काढलीच नाही. मीही शहाणी, सरसर चालले. आणि आनंदीबाई हळदीच्या दिवशी तो ब्लाउज घालायला गेल्या तर हात काखेतच अडकला! ते तोंडपाठ माप पाच वर्षांपूर्वीचं होतं, आणि तेवढ्यात माणूस थोडं अंगानं भरतं, हे ना आक्काच्या लक्षात आलं ना माझ्या. कापड कापलं ते कापलं. आनंदीबाईंनी भर आळीत आक्काला नाही नाही ते ऐकवलं.

त्या दिवसापासून आक्काचा हात कचरायला लागला. मशीनवर चादर पडली. आणि मी? मी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लटकले. दुधाच्या पिशव्या फाडायच्या, कोळंबीच्या मिशा कापायच्या. अहो, जिनं पैठणीचे काठ कापले, तिच्या पात्याला कोळंबीचा वास! मला रडू यायचं, पण लोखंडाला रडता येत नाही, फक्त गंजता येतं.

दोन वर्षं अशीच गेली. मग ऋतिकाची नोकरी आली. ऋतिका म्हणजे आक्काची भाची, धाकट्या भावाची, भावेशची लेक. कॉलेजपासून ती आक्काकडेच राहते. वडप्याच्या एका गोदामात तिला माल तपासायचं काम मिळालं. टी-शर्ट कंपनीचा, जाड तळाचे बूट कंपनीचे, निळी जीन्स मात्र आपली आपण आणायची. आणि नियम कडक. माल सरकत्या पट्ट्यावरून जातो, म्हणून पॅन्ट बुटाखाली लोळता कामा नये. आखूडही नको, घोटा झाकलेला हवा. नाहीतर गेटवरूनच परत. प्रशिक्षणाच्या दिवशी तिच्या डोळ्यांदेखत एका मुलीला परत पाठवलं होतं.

ऋतिकानं जीन्स आणली. कमरेला अगदी बेतशीर, पण लांबी उंटाची! सोमवारी पहिली ड्युटी, हाताशी फक्त शनिवार-रविवार, आणि गावातला टेलर म्हणाला, "लग्नसराई आहे ताई, पुढच्या आठवड्यात या." पोरीचा चेहरा एवढासा झाला.

"आक्का, तूच कर ना," ती म्हणाली.

"मी? न्हाय गो बाय. माझा हात गेलाय आता. एकच जीन्स हाय तुझी, बिघडली म्हंजे?"

"मग मी अशीच जाते आणि परत येते."

आक्कानं जीन्स उचलली आणि आधी बादलीत भिजत घातली. कोरं कापड आटतं, हे भिवंडीच्या आसपासच्या माणसाला सांगावं लागत नाही. रविवारी दुपारपर्यंत जीन्स खडखडीत वाळली. आक्कानं मला खिळ्यावरून काढलं, राखेनं घासलं, तेलाचा थेंब सोडला. मित्रांनो, माझ्या अंगातून किती दिवसांनी कोळंबी गेली!

ऋतिका जीन्स घालून खोलीच्या मधोमध उभी राहिली. आक्का खाली बसली आणि घोट्याच्या जरा खाली साबणाच्या कपचीनं खूण केली. या वेळी टेप होती. एकदा मोजलं, दोनदा मोजलं, तिसऱ्यांदाही मोजलं. ऋतिका मोबाईल दाखवत म्हणाली, "यात सांगितलंय, कापायची गरजच नाही. खालची मूळ किनार तशीच ठेवायची, वरचं कापड आत दुमडायचं आणि किनारीला लागून टीप मारायची."

"कापल्याबिगर शिवण असते का कुठं? ठेव तो तुझा डबा!"

मलाही ते पटलं. खरं सांगते, त्या मोबाईलचा मला रागच आला. दोन वर्षांनी संधी आली आणि हा म्हणतो कात्री नको!

जीन्स चटईवर पसरली. खुणेवर मी उघडले. खालचं पातं कापडाखाली गेलं. मी मनात म्हणत होते, चल आक्का, दाब. एवढ्यात बाहेर ओट्यावर आवाज झाला. धप. मग पुन्हा धप. लूम सुटल्यापासून वॉचमन झालेला दौलत गोदामावरची ड्युटी संपवून आला होता आणि रोजच्यासारखे जड बूट काढून टाकत होता.

आक्काचा हात थांबला. तिनं ऋतिकाच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. मग ओट्यावरच्या बुटांच्या नव्या कोऱ्या खोक्याकडे पाहिलं.

"ऋतिका," ती हळूच म्हणाली, "बूट आण."

"आत? घरात?"

"आण म्हणते ना!"

चाळीस वर्षांत त्या उंबऱ्याच्या आत कुणाची चप्पल आली नव्हती. दौलत दारातच उभा राहिला. "आज काय सूर्य पश्चिमेला उगवला का गो?" ऋतिकानं पुन्हा जीन्स चढवली, चटईवर पोतं टाकलं आणि बूट घालून त्यावर उभी राहिली. जीन्स बुटाच्या जाड गळ्यावर अडली आणि साबणाची खूण घोट्याच्या वर गेली! चांगली दोन बोटं वर. मी दाबले गेले असते तर सोमवारी पोर गेटवरून परत आली असती. माझं तर पाणी पाणी झालं. आक्कानं कपाळाला हात लावला आणि ती हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"वाचले गो बाय," ती म्हणाली. "काय सांगत होता तो तुझा मोबाईल?"

मग कापाकापी झालीच नाही. नवी खूण बुटावर घेतली. जादाचं चार बोटं कापड आत दुमडलं. बाजूची शिवण फारच जाड, तिला आक्कानं खलबत्त्याच्या बत्त्यानं ठोकून मऊ केलं आणि तेवढ्या जागी मशीनचं चाक हातानं फिरवलं. शेवटी इस्त्री फिरली. माझ्या वाट्याला आलं फक्त दोऱ्याचं एक टोक. मी ते कापलं, पण काय सांगू, पैठणी कापताना झाला नव्हता एवढा आनंद झाला.

सोमवारी संध्याकाळी आक्का तीनदा ओट्यावर जाऊन आली. ऋतिका कंपनीच्या बसमधून उतरली ती लांबूनच ओरडत, "आक्का, त्यांनी खाली बघितलं, वर बघितलं आणि म्हणाले, जा!" आक्कानं पदरानं तोंड पुसलं आणि मोठा श्वास सोडला. मीही सोडला, फक्त कुणाला ऐकू आला नाही.

आता मी शिवणाच्या डब्यात राहते. दुधाच्या पिशव्यांना दौलतनं रंगीत मुठीची एक आणली आहे, कोळंबीही तिच्याच नशिबात! म्हणून तुम्हांलाही सांगते, मित्रांनो, कापडाच्या कात्रीनं कागद कापू नका, पिशव्या फाडू नका, महिन्यातून एकदा तेल घाला. आणि मला चालवण्याआधी थोडं थांबा. दुमडलेलं उसवता येतं, कापलेलं नाही. हे मला माझ्या म्हातारपणी कळलं.

परवा ऋतिकाची मैत्रीण रीमा आली, हातात तशीच लांबच लांब जीन्स. बिचारी सवयीनं ओट्यावर वाकून बूट काढायला लागली. मी डब्यात होते, पण आतून आक्काचा आवाज खणखणीत ऐकला.

"बूट काढू नको गो! घालून ये आत!"