केरसुणी

"विंकामावशी, इथून खाली केरसुणी मिरेला होईल," खिंडीत सगळे पाणी पीत असताना म्होरक्या दिंको म्हणाला. "तुम्ही मध्ये चाला. गुडघा केवढा सुजलाय बघा."

"बरं," विंका म्हणाली. आतून मात्र तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हॉटेलच्या धुलाईखान्यात उभा जन्म चादरी धुण्यात गेला, तिथे कुणी तिला धड नावानेही हाक मारली नाही. या डोंगर चढणाऱ्या मंडळींत मात्र तिला पद होतं. रांगेत सगळ्यात शेवटी चालणारी ती केरसुणी. तिच्यामागे कुणी उरायचं नाही. माणसं मोजायची यांच्यात पद्धतच नव्हती, म्होरक्याने पुढून "केरसुणी?" असं ओरडायचं आणि तिने ओ दिली की सगळे आले.

मिरेला वसंतात लग्न होऊन झाग्रेबहून या किनाऱ्यावर आलेली. काही लक्षात ठेवायचं असतं का, असं तिने बिचारीने विचारलंही. "शेवटी चालायचं. त्यात काय ठेवायचंय लक्षात?" विंका फटकन म्हणाली आणि पुढे झाली.

उताराला लागले आणि बुरा सुटला. हा वारा डोंगरावरून अंगावर येतो आणि माणसाला समुद्राकडे लोटतो. वाट कड्याच्या कडेकडेने, खाली पाणी पांढरंफेक. विंकाच्या मागे शिमे होता, बंदरातला जुना क्रेनवाला, चालताना बॉयलरसारखा धापा टाकणारा. त्याच्या बरंच मागे मिरेला. आपल्या पाठीशी पावलं वाजताहेत हे विंकाला सोसवत नव्हतं. ती थांबून थांबून तीन तीनदा वळून बघत होती.

म्हणूनच तिला दिसलं. शिमेने पिशवी वाटेच्या मधोमध ठेवली आणि तो धनगरांच्या पडक्या भिंतीआड गेला. आडोशाला जाणाऱ्याने पिशवी वाटेवर ठेवायची आणि मालक येईपर्यंत केरसुणीने तिथून हलायचं नाही, ही इथली रीत. मिरेलाला ती कोण सांगणार? एक हाक मारली असती तरी भागलं असतं. पण विंकाच्या मनात आलं, कळू दे तिलाही केरसुणी होणं काय असतं ते. ती तोंड फिरवून चालू लागली.

खाली खाडीशी दिंकोने हाक दिली, मिरेलाने ओ दिली आणि पाव, खारवलेले मासे, वाइन असं सगळं बाहेर निघालं. मग मिरेला हसत म्हणाली, "ही पिशवी कुणाची? कुणीतरी दमून टाकली असेल म्हणून उचलून आणली."

विंकाच्या हातातला पाव खाली पडला. पिशवीला जाकीट बांधलेलं होतं. शिमेच्या छातीच्या गोळ्या आतल्या कप्प्यात असायच्या, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

दिंकोने बचाववाल्यांना फोन लावला. या वाऱ्यात हेलिकॉप्टर उडणार नाही, माणसं पायी निघताहेत, असं उत्तर आलं. पिशवी नेमकी कुठे उचलली ते मिरेलाला सांगता येईना. तिला सगळे दगड सारखेच. दिंको फोन ठेवतोय तोवर विंका वाटेला लागलीही होती. पिशवी छातीशी धरून मिरेला तिच्यामागे धावली.

कड्यावर दोघी रांगत गेल्या. झोत आला की दगडाला मिठी मारून पडायचं, गेला की पुढे सरकायचं. गुडघा ठणकत होता आणि विंका मनातल्या मनात एकच घोकत होती, मरू नकोस मेल्या, मरू नकोस. तिने हाका मारल्या, पण वारा त्या तोंडातूनच ओढून नेत होता.

शिमे भिंतीला टेकून बसला होता. अंगात नुसता सदरा, ओठ निळे. विंकाने गोळी त्याच्या जिभेखाली सारली, मिरेलाने जाकीट चढवलं. बऱ्याच वेळाने तो बोलला.

"आलो तर पिशवी नाही. म्हटलं, वाऱ्याने नेली. पण केरसुणी अजून गेली नसणार, मग हलायचं कशाला? आणि पुढून विंका सारखी वळून बघत होतीच, ती काय मला टाकून जाते?"

मिरेला रडायला लागली. चूक माझी, मीच पिशवी उचलली, म्हणू लागली.

"तिची नाही," विंका म्हणाली. "तू पिशवी ठेवताना मी बघितलं होतं, शिमे. मुद्दाम बोलले नाही. माझी जागा तिला दिली म्हणून."

शिमेने हात पुढे केला. "उठव मला. आणि पाणी दे आधी."

वारा जरा पडल्यावर दोघींनी त्याला धरून खाली आणलं. खाडीशी बचाववाल्यांनी त्याला तपासून होडीत बसवलं. बाकीच्यांना बसपर्यंत अजून किनाऱ्याकिनाऱ्याने चालायचं होतं. दिंको जवळ येऊन हळूच म्हणाला, "मावशी, चुकलं माझं. केरसुणी तुम्हीच."

काठी टेकत विंका रांगेच्या मध्ये जाऊन उभी राहिली. पुढून हाक आली, "केरसुणी?" सवयीने तिचं तोंड उघडलं. तिने ते मिटलं आणि मिरेलाकडे बघितलं.

"आले!" मिरेला ओरडली.

रांग हलली. विंकाच्या पाठीशी पावलं वाजू लागली. या खेपेला ती वळली नाही.