पिशव्या दाखवा

पडदे शिवायच्या त्या कारखान्यात चहानंतर मास्तरांची कात्री नाहीशी झाली. साधीसुधी नव्हे, कापड बेतायची, वीतभर पात्यांची. तिला दुसऱ्या कुणी बोट लावलेलं मास्तरांना खपायचं नाही. "कात्रीला काय पाय फुटले?" म्हणत त्यांनी अख्खी खोली डोक्यावर घेतली.

खिडकीजवळ घुमीचं मशीन थांबलं. घुमी हे बायकांनी ठेवलेलं नाव. दीड वर्षात तिने कामाखेरीज चार शब्द काढले असतील तर शपथ! आता तिची नजर मात्र भिरभिरत होती. चहाच्या वेळी टेबलापाशी कोण होतं? मास्तर स्वतः. रिळं घ्यायला आलेली थोरली, म्हणजे इथली सगळ्यांत जुनी शिवणारी. आणि आठ दिवसांपूर्वी लागलेली नवी. नवीची पिशवी टम्म फुगलेली, आणि ती बया पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. कामावर कोण पिशवी मांडीवर घेतं?

हिनेच घेतली. घुमीच्या मनाने निकाल देऊन टाकला. बरं झालं, आपल्यावर येणार नाही. की येईल? थोरली इकडे का बघतेय? चोराच्या मनात चांदणं, असंच म्हणणार सगळे. तिने मान खाली घालून टीप मारायला घेतली, तर ती वाकडीच गेली.

ही भीती उगाच नव्हती. बारा वर्षांपूर्वी एका दुकानात मालकिणीचं घड्याळ हरवलं, तेव्हा तिथे कामाला असलेल्या घुमीला मागच्या खोलीत नेऊन कपडे उतरवायला लावले होते. काही निघालं नाही. घड्याळ दुसऱ्या दिवशी मालकिणीच्याच उशीखाली सापडलं, पण कुणी चकार शब्द काढला नाही. हिने काम सोडलं आणि नवऱ्याला सांगितलं, जागा लांब पडते. लाज वाटायला हवी होती मालकिणीला, वाटत राहिली हिला.

मालकाची बायको, सगळ्यांची वहिनी, आतून आली. "चला गं, पिशव्या दाखवा. कर नाही त्याला डर कशाला!"

थोरलीने हसत पिशवी ओतली: डबा, कंगवा, गोळ्यांची पाकिटं. नवी मात्र उठेना. तिचे हात लटलट कापत होते.

"बघा, सापडला चोर!" मास्तर म्हणाले. वहिनीने नवीच्या पिशवीला हात घातला.

घुमीचेही हात तेव्हा असेच कापले होते, काहीही न घेता.

"थांबा वहिनी!" आवाज एवढा मोठा निघाला की तीच दचकली. "डर कशाला, ते मी सांगते. मी काही घेतलं नव्हतं, तरी एका मालकिणीने मला उघडी करून तपासली होती. बारा वर्षं झाली, डर गेलेली नाही. हिची पिशवी उघडायची नाही. माझीही नाही. काढायचं तर काढा कामावरून!"

मास्तरांनी तावातावाने अस्तराचा तागा ढकलला. तो उलगडला, आणि मघाशी त्यांनीच आत गुंडाळलेली कात्री खणकन खाली पडली.

"सापडली की!" मास्तर ओशाळं हसले. "चला, विषय संपला."

"तुमचा संपला. हिची माफी मागा. आत्ता. नंतर कुणी मागत नाही, मला ठाऊक आहे."

मास्तरांनी मागितली, पुटपुटत का होईना. नवीच्या पिशवीत काय होतं, ते कुणी विचारलं नाही.

वहिनी घुमीजवळ आली. तिने तिचा हात धरला. "त्या बाईने मागितली नाही ना? तिच्या वाटची मी मागते. चुकलं गं आमचं."

बारा वर्षांत न रडलेली घुमी सगळ्यांसमोर धाय मोकलून रडली, आणि तिला त्याची जराही लाज वाटली नाही.