‘माझं नाही’ म्हटलेलं गाठोडं

“बरणीचं झाकण सैल ठेव गं. कोबीची किमची आंबताना फुगते, तिलाही श्वासाला जागा लागते.”

ओकबुनआईंचा हा आवाज अजून माझ्या घड्यांत आहे. मित्रांनो, मी एक जुनं, गाठोडं बांधायचं कापड आहे. नाम्वोन गावी आईंच्या मांडीवर माझा जन्म झाला. त्यांच्या लग्नातल्या घागऱ्याची किनार, देवाघरी गेलेल्या नवऱ्याचा सदरा, लेकीच्या, म्हणजे योनहुईच्या, पहिल्या वाढदिवसाच्या झग्याची रंगीत बाही. जे उरलं ते त्यांनी बारीक टाक्यांनी जोडलं. रोज पहाटे विहिरीचं ताजं पाणी वाटीत भरून त्या सोयाबीन मुरवायच्या रांजणांपुढे ठेवत आणि तळवे एकमेकांवर चोळत लेकीसाठी प्रार्थना करत. ती झाल्याशिवाय सुईला हात लावत नसत.

देवळात न्यायच्या तांदळाच्या वड्या मी बांधल्या, रजया बांधल्या. “काय टाके आहेत हो!” असं शेजारणी म्हणत. पुढे बाजारातून चकचकीत पिशव्या आल्या आणि मी कपाटात जाऊन पडलं.

यंदा सुगीच्या पुनवेला योनहुई सोल शहरातून दोन दिवसांसाठी आली. निघताना आईंनी झाकण सैल ठेवून किमचीची, त्या तिखट लोणच्याची, बरणी माझ्यात बांधली. मला केवढा आनंद झाला!

पण स्टेशनवर योनहुईने माझी गाठ सोडली. गाडीच्या डब्यात वास सुटला तर लोक काय म्हणतील, या भीतीने तिने झाकण होता नव्हता तेवढा जोर लावून आवळलं आणि मला पुन्हा गाठ मारली. गाडीत बसल्यावर मला पायाने पुढच्या आसनाखाली सरकवलं.

डब्यात ऊब होती. तासाभराने आत काहीतरी फसफसलं आणि झाकण उडालं. लाल पाणी माझ्यातून झिरपत पुढच्या गृहस्थांच्या पायांपर्यंत गेलं.

“अरे देवा, माझे नवे मोजे! कोणाचं हे गाठोडं?”

योनहुईने खिडकीबाहेर पाहिलं. “माझं नाही, काका.”

“मग काय, गाठोडं स्वतःच तिकीट काढून बसलं?”

“बसलं असेल हो,” पलीकडच्या आजीबाई म्हणाल्या. “माहेरून निघालंय, रडू फुटलं बिचाऱ्याला.”

लोक हसले. मित्रांनो, त्या क्षणी मला माझ्या एकेका टाक्याची लाज वाटली. मी रेशमाचं असतं, कोरं असतं, तर तिने मला आपलं म्हटलं असतं का?

इतक्यात तिचा फोन वाजला. आईंना कमी ऐकू येतं, म्हणून त्या फोनवर ओरडूनच बोलतात. अख्ख्या डब्याला ऐकू गेलं.

“बसलीस का नीट? गाठोडं पायाशीच ठेव हो! त्या कापडात तुझ्या बाबांचा सदरा आहे. कुठे विसरू नकोस!”

कोणी हसलं नाही. त्या गृहस्थांनी मान खाली घातली, जणू चूक त्यांचीच होती. योनहुईचे कान लाल झाले.

“आहे आई. इथेच आहे,” ती म्हणाली. “आई, येत्या रविवारी मी पुन्हा येते. काहीतरी सांगायचंय. तुझ्यापुढे बसून.”

“आत्ताच तर गेलीस, वेडे! बरं, ये.”

मग ती गुडघ्यांवर बसली. “काका, माझंच आहे,” ती पुटपुटली आणि रुमालाने त्यांचे मोजे टिपू लागली.

“राहू दे गं पोरी,” ते म्हणाले. आजीबाईंनी पाण्याची बाटली पुढे केली.

घरी तिने मला कितीदा धुतलं. बाहीवरचा डाग गेला नाही. वाळत घालताना तिने बाबांच्या सदऱ्याचा तुकडा गालाला लावला, पण माझ्याकडे पाहणं तिला जमेना.

मित्रांनो, आम्ही फाटतो, डागाळतो, जुने होतो. त्याचं दुःख नाही. पण चारचौघांत कोणी विचारलं, ‘हे कोणाचं?’ तर आम्हाला परकं करू नका. आमच्यात कोणीतरी बसलेलं असतं.

रविवार उजाडला. आईच्या घरचं भांडं रिकामं परत न्यायचं नसतं, म्हणून योनहुईने बरणीत साखरेत घोळलेले आल्याचे काप भरले. मला पसरलं, गाठ मारली, छातीशी धरलं. दार हळूच ओढून घेतलं आणि ती स्टेशनच्या वाटेला लागली.