तीनदा सांगितलेलं कुळ

एकोणीसशे त्रेपन्न सालची ही गोष्ट. मी तेरा वर्षांची होते.

त्याआधी पाच वर्षं, नळदुर्गात, रझाकारांनी माझ्या वडिलांना, शांतलिंगांना, दुकानातून ओढून भाल्यानं भोसकलं. पुढं पोलीस ॲक्शन झाली आणि दुसऱ्या जमावानं शेजारच्या शरिफाबीच्या नवऱ्याला विहिरीत ढकलून वरून दगड घातले. अव्वा, म्हणजे माझी आई नागूबाई, आणि शरिफाबी एकाच चुलीवर रांधू लागल्या. गोधड्या शिवून आम्ही जगलो. नळदुर्गचं घर पडायला आलं, तेव्हा अव्वा मला घेऊन उमरग्याकडच्या आमच्या मूळ गावी निघाली. वडील तरुणपणीच भावाशी भांडून तिथून बाहेर पडले होते. सासर तिनं पाहिलंच नव्हतं.

काका महालिंगप्पा उंबऱ्यावरूनच म्हणाले, "माझा भाऊ बिनलग्नाचा मेला. तू कोन?"

"भावजी, माझं न्हाय तर ह्या पोरीचं तोंड तरी बघा."

त्यांनी खुंटीवरचा आसूड काढला. अव्वाच्या पाठीवरचं लुगडं फाटलं, खालची कातडीही फाटली. मी मधे गेले तर एक फटका माझ्या कानावर बसला. तो कान आजही नीट ऐकत नाही.

मग आम्ही पुरावा शोधू लागलो. चावडीतले जुने कागद अठ्ठेचाळीसच्या जाळपोळीत गेले होते. लग्न लावणारे जंगम वारले होते. वडिलांचा एक चुलतभाऊ कानात म्हणाला, "व्हय, तू शांतलिंगाचीच बायको," आणि पंचांपुढं म्हणाला, "मी हिला वळखत न्हाय." काकांनी त्याला आदल्या दिवशी मळ्यात तुडवला होता.

आम्ही हरून नळदुर्गला परतलो. शरिफाबी पाठीला हळद लावता लावता म्हणाली, "रोती कायकू, नागू? गावात काय ढुंडतीस? तुझ्या अंगनात बैलावर बसून यायचा, सात पिढ्या म्हननारा, उसकू पकड."

सिद्धेश्वर हेळवी! हेळवी लोकांचं कामच ते. सुगी झाली की बैलावर बसून घरोघर जायचं, त्या घराचं कुळ मुळापासून म्हणायचं, नवं नाव जोडायचं आणि सूपभर जोंधळा घ्यायचा. घर कुठंही पांगलं तरी हेळवी तिथं पोचतोच. आमच्या नळदुर्गच्या अंगणातही तो दोनदा येऊन गेला होता.

माघात तो उमरग्याच्या बाजारात सापडला. वाळकुडा म्हातारा. अव्वाकडं बघून म्हणाला, "शांतलिंगाची नागूबाई. माहेर आळंद." अव्वानं तिथंच त्याचे पाय धरले.

"पर रस्त्यात सांगितलेलं कुळ कुनी धरत न्हाय, बाई. अंगनात सांगायला पायजे. महालिंगप्पाला नातू झालाय, सोमवारी नाव चढवायला बोलावलंय. या तुमी."

सोमवारी अंगणात सगळं गाव जमलं होतं. काका पाटावर, मांडीवर नातू. आम्ही दाराशी उभ्या राहिलो. आम्हाला पाहून काका हेळव्याशी कुजबुजले, "धाकट्याचं नाव गाळ."

"गाळायचं असतं तर बैल कशाला आनला, मालक?" असं म्हणून हेळव्यानं सुरुवात केली. मूळ पुरुषापासून एकेक नाव उतरत आला. "...परप्पाच्या पोटी दोन. थोरला महालिंगप्पा, धाकटा शांतलिंग. शांतलिंगाची बायको..."

काकांनी त्याला लाथेनं बैलावरून पाडलं. तोंडातून रक्त आलं. म्हातारा उठला, पागोटं बांधलं आणि पहिल्या नावापासून पुन्हा सुरू झाला. कुळ मधे तुटलं तर मुळापासून म्हणायचं, असा त्यांचा नेम. काकांना तो ठाऊक होता, पण राग आवरला नाही. पुन्हा "शांतलिंगाची बायको" आलं, तेव्हा त्यांनी काठीनं त्याचं मनगट मोडलं. हाड मोडल्याचा आवाज माझ्या बऱ्या कानानं ऐकला.

गर्दीतून कुणी म्हणालं, "मालक, म्हनू द्या की. तुमीच त्याला परत परत म्हनाया लावताय."

काही जण हसले. काका कुऱ्हाड घ्यायला धावले. नातू पाटावर रडत होता. हेळवी मोडका हात छातीशी धरून तिसऱ्यांदा मूळ पुरुषापासून म्हणत होता. काकांनी कुऱ्हाड उचलली तेव्हा अव्वानं उखळाजवळचं मुसळ घेतलं आणि त्यांच्या कोपरावर घातलं. एकदा, मग आणखी एकदा. कुऱ्हाड पडली. कुणीही तिला धरलं नाही.

"...शांतलिंगाची बायको नागूबाई, आळंदची," हेळव्यानं पुरं केलं. मग रक्त थुंकून माझ्याकडं वळला. "पोरी, नाव काय तुझं?"

"चंद्रप्रभा."

लेकींची नावं कुळात नसतात. त्यानं माझं घातलं.

कुळात नाव चढलं म्हणताच पंचांनी घराचे मागचे दोन खण आणि विहिरीकडचा शेताचा तुकडा आम्हाला दिला.

काकांचा हात पुन्हा सरळ झाला नाही. दहा वर्षांनी ते गेले. त्यांना शेवटचं पाणी अव्वानंच पाजलं. शरिफाबी आमच्याकडं राहायला आली, आमच्याच घरात वारली. तो चुलतभाऊ गाव सोडून सोलापूरच्या गिरणीत गेला. नातू मोठा होऊन उमरग्यात ट्रक चालवू लागला. मला तो आत्या म्हणतो. सिद्धेश्वर आणखी चार सुग्यांना आला, मग एकदा बाजारात कुणी दुसराच त्याचा बैल विकताना दिसला. अव्वा चौऱ्याऐंशी साली गेली. तिच्या पाठीवरचे वळ अंघोळ घालताना मी शेवटचे पाहिले.

आता हेळवी येत नाहीत. कुळ मला पाठ आहे. म्हणताना कुणी मधे बोललं, तर मी मुळापासून सुरू करते.