चाळीसपैकी किती

"भाऊजी, नव्वद टक्के भरा," मेव्हणा म्हणाला. "उरलेले शाफ्ट चारपर्यंत देतो."

निळा मार्कर हातात धरून मी फळ्यापुढे उभा होतो. आमच्याकडे प्रत्येक कामाची गँट चार्टवर एक आडवी पट्टी असते. ठरलेले दिवस तेवढी तिची लांबी, आणि काम जेवढं झालं तेवढी ती निळी करायची. अकरा वर्षं मी हेच करतोय. मशीन शॉपचा फोरमन म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. तो सांगेल तेवढं मी डोळे झाकून रंगवत आलो. घरचा माणूस म्हटल्यावर मोजायला कोण जातो? तसा तो लबाड नव्हता. दिवस सरले तेवढं कामही सरलं, असं धरून चालायचा. दहातले नऊ दिवस गेले, की नव्वद टक्के.

आज मात्र मी मोजून आलो होतो. चाळीसपैकी बावीस शाफ्ट झालेले.

अकरा वाजता गिऱ्हाइकाचा इन्स्पेक्टर हाच चार्ट बघायला येणार होता. त्याच्यावर विसंबून गिऱ्हाईक सोमवारी आपल्या यंत्रांची असेंब्ली सुरू करणार. इकडे मेव्हण्याला दोन मेमो मिळालेले. तिसरा मिळाला की नारळ. त्याला सांभाळून घ्या, एवढंच बायको सकाळी म्हणाली होती.

साहेब इन्स्पेक्टरला हसतमुखाने चार्टपाशी घेऊन आले. कालची ऐंशी टक्क्यांची पट्टी मी त्यांच्यासमोरच फडक्याने निम्म्याच्या जरा पुढपर्यंत पुसली. साहेबांचं हसू मावळलं. इन्स्पेक्टरने डायरीतली तारीख खोडली.

तो गेल्यावर साहेबांनी मेव्हण्याला आणि मला केबिनमध्ये बोलावून घेतलं, दार लावलं आणि आकडा कोणाचा म्हणून विचारलं. मेव्हणा खाली बघू लागला, तेव्हा मीच पुढे झालो.

"रंग मी भरला, साहेब. न मोजता भरला."

यात खोटं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मला स्टोअरमध्ये बसवलं. खूप लागलं मनाला. अकरा वर्षांचं काम अर्ध्या ओळीच्या चिठ्ठीवर गेलं. जेवणाच्या सुट्टीत मेव्हणा आला. माफी वगैरे मागितली नाही. बाकड्यावर टेकला आणि तेलकट हात पँटला पुसत राहिला.

"काल बावीस नव्हते, भाऊजी. एकवीस. एकाला चीर होती. आज एकेक हातात घेऊन बघितला."

"मग वर जाऊन एकवीसच सांग."

तो उठला आणि ऑफिसचा जिना चढू लागला.