मागची डावी सीट

आरशावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. पातळ, निळसर, एका कोपऱ्यातून किंचित सुटलेलं — आणि अण्णांचा अंगठा बरोबर त्या सुटलेल्या कोपऱ्यावर जाऊन थांबला होता, सोलायचा मोह झालेला आणि आपली गाडी नाही हे आठवून आवरलेला. मग त्यांनी आरसा दोन बोटांनी धरला, किंचित डावीकडे, किंचित खाली वळवला. त्यांचा मुलगा सुशांत मागे उजव्या बाजूला बसला होता. त्याला आरशात अण्णांचे डोळे दिसले नाहीत, म्हणजे अण्णांनाही तो दिसत नव्हता. त्यांना दिसत होती त्याच्या शेजारची रिकामी जागा. मागची डावी सीट.

दिशाबेबीची जागा.

मुलुंडच्या त्या गार, चकचकीत शोरूममध्ये, रविवारी सकाळी साडेदहाला, नव्याकोऱ्या गाडीत बसून सुशांतच्या पोटात दुखलं — वय वर्षं पंचेचाळीस, हाताखाली अकरा माणसं, केस अर्धे पांढरे. अण्णांना ड्रायव्हरकी सोडून अठरा वर्षं झाली होती. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी लायसन काढलं आणि घाटकोपरच्या एका शेठकडे गाडीवर लागले ते तिथेच म्हातारे झाले. शेठला एकच मुलगी, दिशा. सुशांतच्याच वयाची. बालवाडीपासून कॉलेजपर्यंत अण्णांनी तिला नेलं-आणलं, आणि तेवढी सगळी वर्षं आरसा असा लावला — मागच्या रस्त्याबरोबर मागचं पोरही दिसलं पाहिजे. हात विसरलेला नव्हता.

“काका, जरा मागे बसून बघा ना,” सौरभ म्हणाला. सौरभ म्हणजे तो विक्रीवाला, टाय लावलेला, सहा एअरबॅग आणि छतातली काच पाठ असलेला. “मागे लेगस्पेस बघा, झकास आहे.”

“मागे बसान काय बगूचा?” अण्णा म्हणाले. त्यांनी खाली उतरून दार दोन बोटांनी लोटलं, आपटलं नाही, आणि ते ‘टुक’ करून बसलं तेव्हा मान हलवली. डिकी उघडून आत डोकं घातलं. डिकी हा अण्णांचा आग्रह. शीतलला, सुशांतच्या बायकोला, सगळे घेतात तशी उंच गाडी हवी होती. अण्णांचं म्हणणं, गाडी म्हणजे डिकीवाली, बाकी सगळे टेम्पो. शेवटी त्यांचं ऐकलं. का ऐकलं? एवढ्यासाठी की त्यांनी कधीतरी, कुणाजवळ तरी, ‘आमच्या सुशांतची गाडी’ असं म्हणावं, ज्या आवाजात ते ‘शेठची गाडी’ म्हणायचे त्याच आवाजात... इतकं साधं होतं ते, आणि इतकं पोरकट की शीतललाही सांगता येत नव्हतं.

सौरभने हिशेबाचा कागद पुढे केला. सुशांतला गाडी आवडली होती. हलका राखाडी रंग, सीटचा तो कोरा वास, कुणीही न बसलेली. तो ‘बुक करू या का’ म्हणणार तेवढ्यात अण्णा डिकी लावत म्हणाले, “नवी घेवच्या आधी दिशाबेबीची एकदा बगून येवया. ती आपली गाडी इकतासा. माका फोन इलो होतो तिचो.”

माका. तिने अण्णांना फोन केला होता. कधी? आपण ऑफिसात असताना. दर दिवाळीला करते तसा, दर वाढदिवसाला करते तसा — आणि अण्णा ते घरात कुणाला न सांगता खिशात ठेवून बसले होते. सौरभ हसतमुखाने उभा होता. सुशांतने कागद घडी करून खिशात घातला आणि कळवतो म्हणाला.

दोघं पवईच्या रिक्षात बसले. भांडुप आलं. इथल्याच चाळीत ते राहायचे, आणि याच रस्त्याने तो दहावीच्या गणिताच्या पेपराला एकटा गेला होता, बसने, उजव्या तळहाताला दह्याचा वास. आईने, कुंदाने, दही ठेवलं होतं हातावर. अण्णा पहाटेच गेलेले. कारण दिशाबेबीचाही त्या दिवशी तोच पेपर होता, आणि तिला सोडायचं, तीन तास बाहेर थांबायचं आणि आणायचं होतं. रात्री जेवताना अण्णांनी सांगितलं, बेबीला पेपर कठीण गेला, गाडीत रडली बिचारी. आई म्हणाली, ह्याला विचारा की. अण्णांनी विचारलं, “तुजो बरो गेलो मां?” आणि उत्तराच्या आधी आमटी वाढून घेतली. मी हो म्हणालो. मला एक्क्याण्णव पडले पुढे गणितात. त्या आमटीची चव अजून तोंडात आहे, हे काही फार शहाण्या माणसाचं लक्षण नव्हे.

पवईला दिशाच्या टॉवरच्या फाटकाशी वॉचमनने विचारलं, कौन? सुशांत नाव सांगणार तोच अण्णा पुढे झाले. “बोलो, अण्णा आया है. ड्रायव्हर.”

अठरा वर्षांनी. निवृत्त माणसाने, इस्त्रीचा शर्ट घालून, मुलगा शेजारी उभा असताना. वॉचमनने रजिस्टरमध्ये ‘ड्रायव्हर’ लिहिलं, त्याच्यापुढे ‘२’ लिहिलं. दोन माणसं. दोन ड्रायव्हर.

दिशा लिफ्टमधून बेसमेंटात आली ती हातात जाड फाईल घेऊन. साधा कुर्ता, केसांत त्याच्याहून जास्त पांढरं. तिने वाकून अण्णांच्या पायांना हात लावला आणि सरळ होत म्हणाली, “अण्णा, बरा आसा मां?”

मालवणीत. सुशांतच्या मुलीला, प्रांजलला, मालवणीतला शब्द येत नाही. अण्णा तिच्याशी शाळेतलं मराठी बोलतात, अडखळत. आणि ही गुजराती बाई बेसमेंटच्या ट्यूबलाइटखाली ‘आसा मां’ म्हणते, तेही हेल काढून... तिला ते कुणी शिकवलं असेल याची वेगळी चौकशी करायला नको होती. घाटकोपर ते शाळा, शाळा ते घाटकोपर. रोज. आमच्या वाट्याला यायचे ते अण्णा रात्री साडेनऊचे, बोलून संपलेले.

गाडी गडद निळी, सात वर्षांची. एकच मालक. अण्णांनी पहिल्यांदा बॉनेटवर तळहात ठेवला — गार होतं, म्हणजे आधी चालू करून, गरम करून ठेवलेली नव्हती. मग त्यांनी दाराचं रबर बोटाने मागे ओढून आतला मूळ रंग पाहिला, उकिडवे बसून टायरची आतली कड चाचपली, तेलाचं झाकण काढून वास घेतला. दिशा सांगत होती, बत्तीस हजार चालली, सगळ्या सर्व्हिसिंगचे कागद आहेत, नवऱ्याला ऑफिसची मिळाली म्हणून. सुशांत खोट शोधत होता. मनापासून शोधत होता. चालताना काही वाजावं, कुठे गंज असावा, एखादा अपघात लपवलेला निघावा आणि अण्णांनी हातांची धूळ झटकत म्हणावं, नको रे. मागच्या बंपरला एक ओरखडा सापडला तेव्हा त्याला जो आनंद झाला त्याची त्याला लाजही वाटली नाही.

“तो माझाच,” दिशा म्हणाली. “खांबाला लागली. अण्णा, ओरडू नका आता.”

“रिव्हर्स तुका कधीच येवक नाय,” अण्णा म्हणाले. तुका. शेठच्या मुलीला एकेरी, आणि किती सहज. मलाही असं कधी म्हणाले असते, तुला हे येत नाही — त्यासाठीसुद्धा पाहिलेलं असावं लागतं ना माणसाला.

चक्कर मारायची ठरली. किल्ली सुशांतच्या हातात होती. तो ड्रायव्हरच्या दाराशी पोचला आणि पाहतो तो अण्णा मागचं डावं दार उघडून बाजूला उभे. पाठ ताठ, एक हात दाराच्या वरच्या कडेवर, बेबीचं डोकं आपटू नये म्हणून. मग त्यांचं त्यांनाच कळलं असावं. पण दार उघडं ते उघडंच, ते लावायचं कसं हे त्यांना सुचेना.

“मी पुढे बसते,” दिशा म्हणाली. “अण्णा, तुम्ही बसा ना तिथे.”

ते बसले. आयुष्यात अण्णा गाडीत मागे बसल्याचं सुशांतला आठवत नव्हतं. गावी जातानाही पुढेच, क्लीनरसारखे. आता ते सीटच्या कडेवर टेकले होते, पाठ न टेकता, दोन्ही हात गुडघ्यांवर, बँकेत बोलावून घेतल्यासारखे. सुशांतने सीट मागे सरकवली आणि आरसा हातात धरला. किंचित डावीकडे, किंचित खाली. अण्णा दिसेपर्यंत. आपण काय केलं ते हात खाली घेतल्यावर त्याच्या लक्षात आलं.

गाडी छान होती. हेच वाईट होतं. तळ्याच्या कडेने गतिरोधकांवरून ती मऊ उतरली, ब्रेक हलकेच धरला, गिअर बोटाने पडत होते. दिशा बोलत होती, एसीबद्दल, पत्र्याबद्दल, आणि मग एकदम, समोर बघतच, “तुला बघून बरं वाटलं. मला तुझा फार राग यायचा, माहितीये?”

“माझा?”

“अरे, सकाळ-संध्याकाळ सुशांत. सुशांतने हे केलं, सुशांतला स्कॉलरशिप. गणितात एक्क्याण्णव ना तुला? मला बावन्न. अण्णा महिनाभर तेच बोलत होते, यार. आणि ती घंटा —”

“कसली घंटा?”

“तू केली होतीस ना, सेल लावून. डब्याच्या झाकणावर. पितळेच्या, लाडवाच्या डब्याच्या. स्टीलच्या झाकणाचा आवाज आवडला नाही म्हणून तू ते बदललंस. अण्णांनी मला सिग्नलला गाडी थांबवून हाताने करून दाखवलं होतं ते, वायर कुठून कुठे. मी घरी जाऊन रडले, मला पण घंटा पाहिजे. पप्पांनी दुकानातून आणून दिली.”

सातवीत होतो मी. घंटा दाराला लावून रात्री साडेनऊपर्यंत जागा राहिलो. अण्णा आले, त्यांनी बटण दाबलं नाही, दार ढकलून आत आले, जेवले, आडवे झाले. पितळेचं झाकण आहे हे त्यांना कळलं कधी? मी झोपल्यावर? उठून, अंधारात, हाताने चाचपून? आणि स्टीलचं बदललं हे... ते मी फक्त आईला सांगितलं होतं.

आरशात अण्णा सीटबेल्टचं बक्कल शोधत होते. त्यांना ऐकू येतं, नीट येतं. ते खाली मान घालून बक्कल शोधत राहिले, बराच वेळ, चोरी करताना सापडल्यासारखे.

त्याला आनंद व्हायला हवा होता. कुणी म्हणेल, झालं की, मिटलं, तुझा बाप तुझंच कौतुक सांगत फिरत होता. पण सुशांतच्या आत जे उसळलं तो आनंद नव्हता. तो आजवरचा सगळ्यात मोठा जळफळाट होता. अण्णांचा वेळ तिला मिळाला हे त्याने कसंबसं गिळलं होतं; पगार घेत होते, इलाज नव्हता. पण हेसुद्धा? माझं कौतुकसुद्धा तिलाच? ते माझं होतं. ते भांडुपच्या खोलीत, आमटीच्या ताटावर, माझ्या तोंडावर म्हणायचं होतं. ते या बाईच्या कानांत गेलं, जिला ते नको होतं, जिला त्याचा राग यायचा, आणि तिने ते तीस-पस्तीस वर्षं जपूनही ठेवलं, झाकणासकट.

“सिग्नल,” मागून अण्णा म्हणाले. त्याने ब्रेक दाबला. गाडी पांढऱ्या पट्टीच्या आत, न हिसडता, थांबली. बरा थांबवलंस, असं काही अण्णा म्हणाले नाहीत. त्याने आरशात पाहून घेतलं.

परतीच्या रिक्षात ऊन कललं होतं. गांधीनगरच्या चौकात रिक्षा अडकली तेव्हा अण्णांनी विचारलं, “तुका खयची आवडली?”

“तुम्ही सांगा.”

अण्णांनी बराच विचार केला. “गाडी बरी आसा तिची. इंजिन एक नंबर.” मग बाहेर बघत, “पण तू नवीच घे. दुसऱ्याची कित्याक?”

सकाळपासून, खरं तर कितीतरी वर्षांपासून, त्याला नेमकं हेच ऐकायचं होतं. दिशाची नको, तुझी घे. आता ते ऐकलं आणि आत काहीच हललं नाही, कारण त्याचं मन भलतीकडेच लागलं होतं. जुनी घेतली तर गाडी नावावर करायला दोन-तीनदा तरी भेटावं लागेल. सह्या, फॉर्म, विम्याचे कागद. ती चहा विचारेल. पहिल्या भेटीत नाही, दुसऱ्या भेटीत हळूच विचारता येईल — आणखी काय सांगायचे? पाचवीत मला कावीळ झाली तेव्हा काय सांगितलं होतं? कॉलेज बदललं तेव्हा? लग्न ठरलं तेव्हा ते अजून तिथेच होते, गाडीत काय म्हणाले? सगळं तिच्याकडे होतं. फाईल लावल्यासारखं, तारीखवार असणार. त्या राखाडी नव्या गाडीत कोऱ्या वासाशिवाय काहीही नव्हतं.

“बघूया,” तो म्हणाला.

रिक्षावाल्याच्या छोट्या आरशात दोघंही दिसत होते, निम्मे निम्मे. अण्णांचा खांदा त्याच्या खांद्याला लागत होता, रिक्षा उडाली की जास्तच. सिग्नल लाल होता, रस्ता अडलेला, घाई कुणालाच नव्हती. आत्ता विचारायला काहीच हरकत नव्हती. अण्णा, ती घंटा तुम्ही कधी पाहिलीत, एवढंच तर विचारायचं. त्याने तोंड उघडलंही. अण्णांनी लगेच मान त्याच्याकडे केली आणि चेहरा असा केला, असा उत्सुक, असा घाबरलेला, की सुशांतने बाहेर पाहिलं आणि खिशातल्या फोनवर बोट ठेवून तो मनातल्या मनात जुळवू लागला, की दिशाला फोन करायचा तर कधी करावा. अण्णा जवळ नसताना.